फ्रोझन शोल्डर: कळ सोसून हात ताणायचा का?

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. वय ५२, आठ वर्षांपासून मधुमेह, डावा खांदा सहा महिन्यांपासून दुखतोय. केस बांधता येत नाहीत, ब्लाऊजचं हुक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळलं की झोप मोडते. एमआरआयच्या कागदावर 'अधेसिव्ह कॅप्सुलायटिस', म्हणजे फ्रोझन शोल्डरचंच वैद्यकीय नाव, लिहून आलंय आणि खांद्याचा एक स्नायूबंध थोडा फाटल्याचंही लिहिलंय. फिजिओथेरपीला गेलं की हात जोरात ताणतात, त्यानंतर दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. जाऊबाई म्हणतात, सोस, नाहीतर हात कायमचा जाईल. एका डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन सुचवलंय, पण साखर वाढेल म्हणून तुम्ही ते टाळताय. शेवटी तुम्ही विचारलंय की ऑपरेशन लागेल का आणि दुसराही खांदा असाच धरेल का.

मी सांगलीत बरीच वर्षं फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये आखडलेल्या खांद्याचे लोक कायम असतात. तुमच्यासारखीच बाई, तुमच्याच वयाची, हाच प्रश्न घेऊन समोर बसते. म्हणून आधी थेट उत्तर देते. ज्या ताणण्यानंतर दोन रात्री झोप उडते, ते ताणणं आत्ता थांबवा. हात मात्र चालता ठेवा. या दोन वाक्यांत विरोध वाटेल, पण तो का नाही हेच पुढे सांगणार आहे.

तुम्ही 'किती सोसू?' असं विचारलंय. माझ्या मते त्याच्या आधी वेगळा प्रश्न यायला हवा: खांदा सध्या दुखण्याच्या काळात आहे की आखडण्याच्या? या आजारात दुखणं आणि आखडणं एकाच खांद्यात असलं तरी दोघांची चाल वेगळी असते. सुरुवातीला दुखणं जास्त आणि आखडणं वाढत जाणारं. नंतर दुखणं ओसरतं आणि खांदा नुसता जखडलेला राहतो. पहिल्या काळात जे केल्याने नुकसान होतं, तेच दुसऱ्या काळात उपयोगी पडतं. तुमच्या जाऊबाईंनी कुणाचा तरी हात जोर लावून मोकळा झालेला पाहिला असेल, ते खोटं नाही. तो बहुतेक दुसऱ्या काळातला खांदा असणार.

त्याआधी, हा खरंच फ्रोझन शोल्डर आहे ना, ते पाहू. खांदा दुखतो म्हणजे फ्रोझन शोल्डर असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. घरी एक गोष्ट करून बघा. खुर्चीत बसा, कोपर कमरेला चिकटवा, कोपरात काटकोन करा आणि कोपर न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडतो तसा. आधी उजवा, मग डावा. आता तेच घरातल्या कुणाला तरी तुमचा हात धरून अगदी हळू करायला सांगा. फ्रोझन शोल्डरमध्ये स्वतः केलं तरी अडतं आणि दुसऱ्याने केलं तरी जवळपास तिथेच अडतं. स्नायूबंध मोठा फाटला असेल तर सहसा उलटं होतं: स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो वर जातो. हाताच्या हालचाली सर्व बाजूंनी कमी होतात, पण बाहेर फिरवणं सगळ्यात जास्त जातं, ही या आजाराची ठळक खूण आहे. साधा एक्स-रेसुद्धा काढलेला असावा. त्यात फ्रोझन शोल्डर दिसत नाही, तो बहुधा निर्दोषच येतो. सांध्याची झीज, निखळलेला सांधा, स्नायूबंधात साठलेला चुना किंवा हाडातलं काही वेगळं दुखणं राहून जाऊ नये यासाठी तो काढायचा.

एमआरआयमधल्या त्या 'थोडं फाटलंय'ने घाबरू नका. पन्नाशीनंतर कधीही खांदा न दुखलेल्या माणसांच्या तपासणीतही अशा अर्धवट फाटी सापडतात. तुमच्या लक्षणांना आखडलेल्या सांध्याचं कारण पुरेसं आहे. पूर्ण फाट असती, किंवा पडल्यानंतर अचानक हात उचलणं बंद झालं असतं, तर गोष्ट निराळी होती.

मात्र काही गोष्टी असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. ताप आणि खांदा लाल, गरम, सुजलेला. मधुमेहात सांध्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, तिथे एक दिवसही थांबू नये. पूर्वी कॅन्सर झालेला असणं किंवा कारण नसताना वजन घटणं. मानेपासून थेट बोटांपर्यंत मुंग्या, बधिरपणा, पंजाची ताकद जाणं. हे मानेतल्या नसेचं असू शकतं. आणि तुमचा डावा खांदा आहे, तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून हेही सांगते: चालताना किंवा जिना चढताना डाव्या खांद्यात, हातात, जबड्यात दुखायला लागलं आणि बसल्यावर थांबलं, तर आधी हृदयाची तपासणी. छातीत दडपण, घाम, धाप असं काही सोबत असेल तर सरळ दवाखाना गाठा. फ्रोझन शोल्डर हाताच्या हालचालीने दुखतो, जिना चढल्याने दुखत नाही.

आता आत काय होतं ते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, लवचिक पिशवी असते. हात खाली असताना तिचा काखेकडचा भाग चुणीसारखा सैल लोंबत असतो, आणि हात वर नेला की ती चुणी उलगडते. सदऱ्याला काखेत मोकळं कापड ठेवलं नाही तर हात वर करताना सगळा सदराच वर ओढला जातो ना, तसं या आजारात होतं. पिशवीला आधी सूज येते, मग ती जाड होते, आक्रसते, काखेतली चुणी नाहीशी होते. निरोगी सांध्याच्या पिशवीत साधारण २० ते ३० मिली द्रव मावतो. आखडलेल्या खांद्यात बरेचदा १० मिलीसुद्धा मावत नाही. आरशासमोर उभं राहून हात वर करून बघा, डावा खांदा कानाकडे उचलला जाईल आणि पाठीचं पातं आधीच बाहेर सरकेल. सांधा हलत नाही म्हणून शरीर पात्यावर काम भागवतं. त्यामुळेच तुमची मान आणि पातं संध्याकाळी भरून येत असणार. तिथे चोळलं की बरं वाटतं, पण मूळ दुखणं तिथे नाही.

पिशवी अशी का वागते हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. कुणाला हे जास्त होतं ते मात्र पक्कं माहीत आहे. ४० ते ६० वय, पुरुषांपेक्षा बायका जास्त, मधुमेह, थायरॉइड, आणि हात बराच काळ बांधून ठेवावा लागलेले लोक, म्हणजे फ्रॅक्चरनंतर किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर. एकूण लोकांत १०० मागे २ ते ५ जणांना हा आजार होतो असं मानतात. मधुमेह असलेल्यांत ते प्रमाण कित्येक पटींनी जास्त आहे. तुम्ही काही चुकीचं उचललं, चुकीच्या कुशीवर झोपलात म्हणून हे झालेलं नाही. थायरॉइडची तपासणी अलीकडे झाली नसेल तर करून घ्या. माझ्याकडे आलेल्या काही जणींचा थायरॉइड खांद्याच्या निमित्तानेच पहिल्यांदा सापडलाय.

टप्प्यांबद्दल सगळीकडे महिने लिहिलेले असतात. पहिला दुखण्याचा टप्पा २ ते ९ महिने, मग आखडलेला ४ ते १२ महिने, मग सुटण्याचा ५ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत. ही चौकट ढोबळ आहे. एखादीचं वर्षभरात सगळं आटोपतं, एखादीला तीन वर्षं लागतात, आणि काहींच्या खांद्यात शेवटी थोडा ताठरपणा राहतोच. 'आपोआप पूर्ण बरं होतं' हे वाक्य मी म्हणूनच वापरत नाही. बहुतेकांचा हात पुन्हा रोजच्या कामाला पुरेसा चालतो, एवढं मी खात्रीने सांगते. टप्पा कॅलेंडरवरून ओळखू नका, रात्रीवरून ओळखा. रात्री काहीही न करता ठणकत असेल, झटका बसला की डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर खांदा अजून तापलेला आहे. रात्र शांत झाली, हात मधल्या कक्षेत न दुखता फिरतो, आणि फक्त शेवटच्या टोकाला ओढ लागते, तर आखडण्याचा टप्पा सुरू झाला. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं सहा महिने झाले तरी तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यात आहात. आणि तो लांबायला ते जोराचं ताणणं कारण असू शकतं.

हे मी केवळ अनुभवावरून म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे जाऊन कसून ताणायचे व्यायाम दिले. दुसऱ्या गटाला आजार समजावून सांगितला, दुखेल तिथे थांबून हलके व्यायाम करायला सांगितले आणि जमतील ती कामं चालू ठेवायला सांगितली. दोन वर्षांनी हलक्या व्यायामाच्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत होता. कसून ताणलेल्या गटात ६३ टक्के. अभ्यास छोटा आहे, त्याच्यावर सगळा भार टाकू नये. पण सुजलेल्या पिशवीला रोज ओढलं तर ती आणखी चिडते, हे मी खाटेशेजारी उभं राहून पाहत आलेय.

तर तुमच्यासाठी पहिलं काम झोप परत आणणं. उताणं झोपा आणि डाव्या दंडाखाली, कोपरापासून खांद्यापर्यंत, घडी घातलेली चादर किंवा चपटी उशी ठेवा, म्हणजे कोपर गादीवर मागे पडणार नाही. बऱ्याच जणींची रात्र एवढ्यानेच सुधारते, कारण उताणं झोपलं की दंड मागे लोंबतो आणि पिशवीच्या पुढच्या बाजूला ताण बसतो. उजव्या कुशीवर झोपायचं असेल तर पोटाशी मोठी उशी घ्या आणि डावा हात तिच्यावर टाका. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घ्यायला हरकत नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेणाऱ्या बायका आमच्याकडे येतात, त्यांना मी थांबवत नाही; ऊब सुखावते. फक्त मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून शेक किती गरम आहे ते उजव्या हाताने किंवा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. भाजलेलं लवकर भरत नाही.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवणाऱ्या मधुमेही रुग्णांची मला खरंच काळजी वाटते, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा मूत्रपिंडावर आणि पोटावर ताण पडतो. तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, कधी केली होती ते बघून ठेवा.

आता इंजेक्शन. माझं मत स्पष्ट आहे. दुखणं जोरात असलेल्या टप्प्यात सांध्याच्या आत दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन हा आपल्याकडचा सगळ्यात उपयोगी उपाय आहे, आणि सुरुवातीला दिलं तर त्याचा फायदा जास्त होतो. ते आजार मुळापासून काढत नाही. ते सूज उतरवतं, त्यामुळे पुढचे काही आठवडे ते दोन-तीन महिने दुखणं कमी राहतं, आणि त्या काळात आपण हात हलवून घेतो. इंजेक्शन घेतलं आणि व्यायाम केलाच नाही, तर ती संधी वाया गेली. नुसता आखडलेला, न दुखणारा खांदा असेल तर मी इंजेक्शनचा आग्रह धरत नाही.

साखर वाढते, ही तुमची भीती खरी आहे. पण ती वाढ तात्पुरती असते. इंजेक्शननंतर पहिले दोन-चार दिवस, कधी आठवडाभर, साखर चढलेली राहते आणि मग खाली येते. म्हणून आधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला, अलीकडचा एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रिपोर्ट) दाखवा, त्या आठवड्यात घरी साखर जास्त वेळा तपासा, आणि औषध किंवा इन्सुलिन तेवढ्यापुरतं बदलायचं का ते विचारून घ्या. साखर फारच हाताबाहेर असेल तर डॉक्टर आधी ती आटोक्यात आणायला सांगतील, ते ऐका. सोनोग्राफीत बघून इंजेक्शन देण्याची सोय असेल तर औषध नेमकं सांध्यात पडल्याची खात्री राहते. एकाने आराम पडला नाही तर काही आठवड्यांनी दुसरं देतात. त्यापुढे घेत राहण्याआधी निदान पुन्हा तपासलं पाहिजे.

व्यायामाकडे येते. तुमच्या आत्ताच्या टप्प्यासाठी मी फक्त तीन सांगेन. पहिला, लोलकाचा. उजवा हात टेबलावर टेकून पुढे वाका, डावा हात सैल सोडा आणि अंग हलकेच हलवून हाताला झुलू द्या, पुढे-मागे, मग छोट्या गोलात. हात स्वतः फिरवायचा नाही, अंगाच्या हेलकाव्याने तो फिरला पाहिजे. अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या सर्जनचं नाव या व्यायामाला मिळालंय. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव १९३४ मध्ये त्यांनीच दिलं. दुसरा, टेबलावर स्वच्छ फडकं ठेवून त्यावर पंजा टेका आणि खुर्चीत बसल्या बसल्या अंग पुढे झुकवत हात पुढे सरकवा, मग मागे या. तिसरा, उताणं झोपून, कोपराखाली घडी ठेवून, दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी आडवी धरायची आणि उजव्या हाताने ढकलून डावा पंजा हळू बाहेर न्यायचा. हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाहेर फिरणं सुटल्याशिवाय हात बाजूने वर जात नाही. लोक उलट करतात, रोज भिंतीवर बोटं चढवत राहतात आणि पातं उचलून आकडा वाढवतात.

एका वेळी पाच-सात मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. एकदम तासभर नको. आणि मोजायचं काय ते सांगते: व्यायाम करताना थोडी ओढ लागली तरी चालेल, पण थांबल्यावर अर्ध्या तासात खांदा मूळ पदावर आला पाहिजे आणि ती रात्र नेहमीपेक्षा वाईट जाता कामा नये. रात्र बिघडली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. दारावर टांगायची पुली आणली असेल तर ती सध्या ठेवून द्या. तिच्यावर नकळत जोर लागतो.

रात्री शांत जायला लागल्या की डाव बदलतो. तेव्हा शेकानंतर टोकापर्यंत जाऊन वीस-तीस सेकंद थांबायचं, सोडायचं, पुन्हा जायचं. काठीचा व्यायाम उभं राहून, दाराच्या चौकटीला पंजा टेकवून अंग विरुद्ध बाजूला वळवणं, भिंतीवर हात सरकवणं, पुली, हे सगळं चालेल. यावेळी ओढ सोसायची, जाऊबाईंचं ऐकायचं. थेरपिस्टने हाताने सांधा सैल करण्याचं तंत्रही या टप्प्यात खूप कामाला येतं. पाठीमागे टॉवेल धरून हात वर खेचण्याचा व्यायाम मात्र अगदी शेवटी घ्या. हुक लावण्याची हालचाल बहुतेकींची सर्वांत उशिरा परत येते, आणि बाया नेमकी तीच आधी करायला बघतात, रोज आरशासमोर उभं राहून किती वर गेला ते मोजतात, आणि खचतात. मी त्यांना सांगते, काही महिने पुढून हुक असलेले ब्लाऊज शिवून घ्या, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. प्रगती मोजायचीच तर महिन्यातून एकदा, तो कोपर कमरेला लावून पंजा बाहेर नेण्याचा प्रयोग करून.

तुम्ही ज्यांच्याकडे जाता त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोला. 'तुमच्या ताणण्यानंतर मला दोन रात्री झोप लागत नाही' हे वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा. ऐकून त्यांनी पद्धत बदलली तर तिथेच चालू ठेवा, बदलायची तयारी नसेल तर दुसरीकडे दाखवा. नुसतं मशिन लावून पंधरा मिनिटांनी घरी पाठवणंही पुरेसं नाही. त्या शेकाने आणि करंटने थोडा वेळ बरं वाटतं, पिशवी त्याने सुटत नाही. आणि कुणी झटका देऊन खांदा मोकळा करून देतो म्हणालं तर हात पुढे करू नका. आपल्या वयात हाडं ठिसूळ होऊ लागलेली असतात. अशा झटक्याने दंडाचं हाड मोडल्याचं आणि स्नायूबंध पूर्ण फाटल्याचं होऊ शकतं.

घरकामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते इथे आलंच पाहिजे. हात गळ्यात बांधून ठेवू नका. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, भाजी चिरणं, छातीच्या खालच्या उंचीची कामं चालू राहू देत. रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून ओट्याच्या उंचीला आणून ठेवा. ब्लाऊज, सदरा घालताना डावा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. एसटीत किंवा रिक्षात डाव्या हाताने वरचा दांडा धरू नका, अचानक ब्रेक लागला की बसलेल्या हिसक्याने आठवडा वाया जातो. पाण्याची बादली उजव्या हाताने, अर्धी. घरच्यांना हेही सांगा की खांदा बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसतो, सूज नाही, पट्टी नाही, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. माझ्याकडे रडलेल्या कितीतरी बायका दुखण्यापेक्षा 'एवढं काय झालंय' या वाक्याने रडलेल्या असतात.

ऑपरेशनचा विचार आत्ता नको. दोन प्रकार करतात: भूल देऊन हात फिरवून पिशवी सोडवणं, किंवा दुर्बिणीतून आक्रसलेली पिशवी कापून मोकळी करणं. त्याच्या अलीकडे एक मधला मार्गही आहे, सांध्यात औषधासोबत सलाइनचं पाणी भरून पिशवी आतून फुगवणं. काही ठिकाणी रेडिओलॉजिस्ट ते करतात. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर केलेला मोठा अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात दोन्ही ऑपरेशनं आणि इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची तुलना होती. वर्षभराने तिन्ही गटांची सुधारणा पाहिली तर रुग्णाच्या दृष्टीने मोठा म्हणावा असा फरक निघाला नाही. फिजिओथेरपीच्या गटातल्या काहींना पुढे आणखी उपचार लागले, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या गटात गंभीर गुंतागुंती इतरांपेक्षा जास्त दिसल्या. यातून मी एवढंच घेते की ऑपरेशन हा सोपा शॉर्टकट नाही. नीट इंजेक्शन आणि नीट व्यायाम करूनही बरेच महिने हात अडूनच राहिला, रोजचं काम थांबलं, तर त्याचा विचार जरूर करावा. त्याने बरे झालेले लोक माझ्याकडे येतात. पण ऑपरेशननंतर लगेच, दुखत असतानाच व्यायाम सुरू करावे लागतात, आणि मधुमेहात पुन्हा थोडं आखडण्याची शक्यता जास्त असते. त्याची तयारी मनाशी ठेवूनच होकार द्या.

मधुमेहामुळे तुमचा खांदा इतरांपेक्षा सावकाश सुटेल, हे आधीच समजून घेतलेलं बरं. शेजारणीचा खांदा आठ महिन्यांत बरा झाला म्हणून तुमचाही व्हावा असं नाही. साखर आटोक्यात आणली की खांदा लगेच सुटतो असंही मी सांगणार नाही. पण आटोक्यातल्या साखरेवर इंजेक्शन निर्धास्त देता येतं आणि वेळ आलीच तर ऑपरेशनही. खांदा दुखतो म्हणून सकाळचं चालणं बंद केलं असेल तर ते उद्यापासून सुरू करा. हात झुलवत चाला, तोही व्यायामच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. एकदा बरा झालेला खांदा पुन्हा असाच धरणं क्वचितच होतं. दुसऱ्या खांद्याला मात्र काही जणांना पुढच्या काही वर्षांत होतं, आणि मधुमेहात ती शक्यता जास्त. ते टाळण्याचा खात्रीचा उपाय नाही. म्हणून उजवा खांदा कधी रात्री ठणकायला लागला आणि पंजा बाहेर फिरवणं कमी वाटलं, तर सहा महिने वाट बघू नका, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दाखवा. तेव्हा दिलेलं इंजेक्शन आणि हलका व्यायाम सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. डाव्यासाठी या आठवड्यात करायचं ते एवढंच: मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटून इंजेक्शनबद्दल विचारा, एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि थायरॉइडचे रिपोर्ट सोबत न्या, आणि आज रात्री दंडाखाली ती घडी ठेवून झोपा.